आठव्या दिवसाची पाहणी

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडी यांना वाहिलेला आहे. तो १८८० साली प्रसिद्ध झाला. त्यातील सार्वजनिक आरोग्याच्या प्रकरणात देवी टोचण्याच्या कामाचा हिशेब एका कोष्टकात मांडलेला आहे. इलाख्यातील इतर जिल्ह्यांच्या खंडांत आढळते तेच हे ठरीव कोष्टक. टोचलेल्यांत पुरुष किती व स्त्रिया किती. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती व इतर किती. वर्षाच्या आतली मुले किती व वर्षावरची किती. दुसऱ्यांदा टोचलेले किती. आणि शेवटी एकूण. दर्यावर्दी, शेतकरी, गिरणीत चाकरीस गेलेल्यांची मुले, मालवण-वेंगुर्ल्याकडची ख्रिस्ती कुटुंबे, सगळी या रकान्यांत सामावली आहेत. त्या काळी वेंगुर्ले आणि मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली.

हे कोष्टक वाचताना एक प्रश्न मनात येतो. टोचल्यावर ज्या मुलाचा डोळा सुजला, लाल झाला, ज्याच्या बुबुळावर पुढे कायमचे फूल पडले, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? त्याची टोचणी तर यशस्वी झाली होती. दंडावर फोड उत्तम उठला होता. म्हणजे सरकारी भाषेत ते मूल यशस्वी ठरलेल्यांतच मोडणार. लसीनंतर डोळ्याला होणाऱ्या दाहावर लक्ष ठेवणे ही आजची वैद्यकीय शिस्त आहे. तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या कोकणाच्या वाटांवरून गेलेला आहे.

देवीच्या रोगाचे आणि डोळ्याचे वैर आपल्या भाषेनेच जपून ठेवले आहे. तोंडावर देवीचे वण असलेला आणि एका डोळ्यात फूल पडलेला माणूस दोन पिढ्यांपूर्वी गावोगाव दिसत असे. ‘देवी डोळ्यांत उतरल्या’ असे बायका हलक्या आवाजात म्हणत, आणि ऐकणाराला त्यापुढचे विचारावे लागत नसे. अंगावर पुरळ उठले की काही फोड पापण्यांच्या कडेवर आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर उठत. दुसऱ्या आठवड्यात बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर जखम होई. ती भरून आली तरी पांढरा डाग ठेवून जाई, आणि चिघळली तर डोळाच बसे. कुपोषणाने ‘अ’ जीवनसत्त्वाचा तुटवडा असलेल्या मुलांत हे अधिक वेगाने घडे. महाराजा रणजितसिंगांचा डावा डोळा लहानपणी देवीनेच गेला. अठराव्या शतकातील युरोपात आंधळ्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा देवीमुळे आंधळा झालेला होता, असा अंदाज नेहमी दिला जातो. आपल्याकडची परिस्थिती याहून बरी असण्याचे काही कारण नव्हते.

म्हणून पुढे लसीच्या त्रासाविषयी जे लिहायचे आहे ते याच पार्श्वभूमीवर वाचावे. देवीने घेतलेल्या डोळ्यांच्या तुलनेत लसीने घेतलेले डोळे फार थोडे. पण ‘थोडे’ म्हणजे ‘कोणाचेच नाहीत’ असे नव्हे. ज्या घरातील मुलाचा डोळा जाई त्या घरापुरते ते प्रमाण शंभर टक्के होते, आणि ते घर पुढच्या खेपेस टोचणाऱ्याला दारात उभे करीत नसे.

एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील गोस्तनदेवीच्या फोडातील द्रव घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. दोन वर्षांनी त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ही लस हिंदुस्थानात आणण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. परंतु समुद्राच्या लांबच्या प्रवासात उष्णतेने ती निर्जीव होई. शेवटी ती आली ती खुष्कीच्या मार्गाने. व्हिएन्नाचे डॉक्टर जाँ द कारो यांनी इटलीतील लोंबार्डीच्या गाईंपासून मिळालेली लस कॉन्स्टँटिनोपलकडे रवाना केली. तेथून ती बगदादला आणि बगदादहून बसऱ्याला गेली. प्रत्येक मुक्कामी कोणाच्या तरी दंडावर ती जिवंत ठेवावी लागे. बसऱ्याहून जहाजाने ती मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. मुंबईत घेतलेल्या पुष्कळ प्रयत्नांपैकी तेवढा एक सफल झाला. तिच्या दंडावरील फोडातून पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलांना लस मिळाली, आणि त्या एका मुलीच्या दंडापासून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी देशभर पसरली. आज तिच्याविषयी आपल्याला फारसे काही ठाऊक नाही. एखाद्या देशाच्या आरोग्याच्या इतिहासाचा उगम तीन वर्षांच्या पोरीच्या दंडावर असावा, आणि तिचे पुढे काय झाले हे कोणी लिहून ठेवू नये, ही गोष्ट आम्हांला नेहमीच खटकत आली आहे.

लस आली तशा शंकाही आल्या, आणि त्यांतील एकीचा संबंध चेहऱ्याशीच होता. १८०५ साली लंडनचे डॉक्टर विल्यम रोली यांनी लसीविरुद्ध एक पुस्तिका काढली आणि तीत तोंड सुजलेल्या एका मुलाचे चित्र छापले. गाईची लस टोचल्यामुळे मुलाचे तोंड बैलासारखे होत चालले आहे, असा त्यांचा दावा. दावा हास्यास्पद होता आणि त्याची टिंगलही झाली. परंतु त्या सुजलेल्या चेहऱ्याला नेमके काय झाले होते याचा शांतपणे तपास करण्यापेक्षा चित्र दाखवून भिवविणे एका पक्षाला सोयीचे वाटले आणि हसून मोकळे होणे दुसऱ्याला. लसीच्या प्रत्येक वादात पुढेही हेच घडत आलेले दिसते.

रत्नागिरीत हे काम कसे चाले? १८२७ साली मुंबई इलाख्यात टोचणीची जी व्यवस्था सुरू झाली ती पुढे ‘मुंबई पद्धत’ म्हणून ओळखली गेली. दवाखान्यात बसून लोकांची वाट पाहण्याऐवजी टोचणाऱ्यांनी गावोगाव हिंडावे आणि त्यांच्यावर युरोपियन अधिकाऱ्यांनी देखरेख ठेवावी, अशी ती पद्धत. नकाशावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात सावित्रीपासून तेरेखोलपर्यंत दर चार-सहा कोसांवर एक खाडी, खाडीला पूल नाही, तरीची वाट पाहायची, मग डोंगर चढून पलीकडच्या वाडीत जायचे. पावसाळ्याचे चार महिने तर काम जवळजवळ बंदच. टोचणीचा हंगाम म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा. त्यातच मुंबईस गेलेला चाकरमानी शिमग्याला घरी येणार, आणि मुंबईत साथ असली तर तीही गलबतातून किंवा आगबोटीतून त्याच्याबरोबर येणार. टोचणाऱ्याची आणि रोगाची गाठ अशी नेमकी हंगामाच्या शेवटी पडे.

लस बरोबर न्यायची कशात? हस्तिदंताच्या टोकांवर वाळवून, काचेच्या पट्ट्यांमध्ये दाबून, काचेच्या बारीक नळ्यांत भरून, असे सगळे उपाय झाले. कोकणच्या दमट उकाड्यात ते पुरे पडत नसत. खात्रीचा मार्ग एकच: एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्या मुलाच्या दंडावर. टोचल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेथे पुटकुळी उठते, पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्यात पाणी धरते, आठव्या-नवव्या दिवशी फोड पुरता भरतो, भोवती लाल कडे दिसते आणि अंगात कसर येते. मग फोड सुकून खपली धरते. ती तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पडते आणि कायमचा वण राहतो. आठव्या दिवशी टोचणारा पुन्हा येई. तो फोड पाही, ‘लागली’ किंवा ‘लागली नाही’ अशी नोंद करी, आणि चांगला भरलेला फोड सुईने फोडून त्यातील द्रव पुढच्या मुलासाठी घेई.

येथे थोडे थांबले पाहिजे. आठव्या दिवसाची ही पाहणी म्हणजे आपल्या देशातील लसीनंतरच्या देखरेखीची पहिली पद्धतशीर रीत, असे म्हणता येईल. पण तिच्यात मुलाच्या प्रकृतीची चौकशी दुय्यम होती. टोचणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या होत्या: यशाची संख्या आणि पुढची लस. हे आईबापांना पुरते कळत होते. आधीच तापलेल्या मुलाचा दुखरा दंड पुन्हा टोचून त्यातील पाणी काढून नेणे त्यांना क्रूरपणाचे वाटे. त्या पाण्याबरोबर मुलाची शक्ती जाते अशीही समजूत होती. परिणामी पहिल्या दिवशी जे मूल आणले जाई ते आठव्या दिवशी लपविले जाई. जिथे फोड बिघडला होता, पू झाला होता, डोळा सुजला होता, तेथे तर ते हटकून लपविले जाई. कारण दाखवून उपयोग नाही हे ठाऊक असे. अशा रीतीने ज्यांना दाखविण्याची सर्वांत अधिक गरज तीच मुले पाहणीतून निसटत. दोष त्या अडाणी मानलेल्या आईचा होता, असे सरकारी अहवाल सुचवीत. आमचे मत वेगळे आहे. पाहणाऱ्याने आपल्यासाठी काय आणले आहे आणि काय नेणार आहे याचा हिशेब ती आई बरोबर करीत होती.

आता डोळ्याकडे वळू. देवीच्या लसीत जिवंत विषाणू असे. दंडावरचा फोड खाजतो. मूल तो खाजविते आणि तेच बोट डोळ्याला लावते. तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने, पापणीच्या कडेवर तसाच फोड उठतो. पापण्या सुजून डोळा मिटतो, पू येतो, कानापुढच्या गाठी वाढतात. बहुतेकांत हे दोन-तीन आठवड्यांत ओसरते. पण विषाणू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापर्यंत पोहोचला तर तेथे व्रण होतो आणि मागे फूल राहते. कधी कधी दाह आणखी आत, कनीनिकेपर्यंत जातो. टोचलेल्या मुलालाच हे होते असेही नाही. त्याला कडेवर घेणाऱ्या आईला, त्याच्याबरोबर एका घोंगडीत निजणाऱ्या भावंडालाही होऊ शकते.

आपल्या घरांतील चालीरीती आठवल्या की या प्रसाराला किती वाटा मोकळ्या होत्या हे ध्यानी येते. आई पदराने मुलाचा दंड टिपणार आणि त्याच पदराने त्याचे आणि स्वतःचे डोळे पुसणार. सांजवेळी बोटाने काजळ घालणार. एकाच डबीत एकच बोट, आणि ते घरातल्या सगळ्या मुलांच्या डोळ्यांत फिरणार. डोळा लाल दिसला तर अंगावरचे दूध पिळणार, गुलाबपाणी घालणार किंवा नुसतेच ‘डोळे आलेत’ म्हणून सोडून देणार. त्यात कोकणात साधे डोळे येण्याची साथ आणि खुपऱ्यांचा विकार नेहमीचेच. लसीने झालेला दाह या गर्दीत ओळखायचा कोणी? आठव्या दिवशी आलेल्या माणसाने दंडाबरोबर तोंडाकडेही पाहिले असते तर ओळखता आला असता. कारण काळ जुळत होता आणि पापणीवरचा फोड दंडावरच्या फोडाचे जुळे भावंड असतो.

हा विकार किती वेळा होत असे याचा विश्वासार्ह हिशेब मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले, आणि तो आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील रूबेन आणि लेन या दोघा वैद्यांनी १९६०च्या दशकातील नोंदी चाळून १९७० साली लसीच्या विषाणूने डोळ्याला झालेल्या संसर्गाचे ३४८ रुग्ण एकत्र मांडले. त्यांपैकी २२ जणांच्या बुबुळाच्या पडद्याला इजा झालेली होती. टोचलेल्यांच्या प्रचंड संख्येपुढे हा आकडा लहान आहे. पण तो मांडता आला, कारण प्रत्येक रुग्णाची नोंद करण्याची सोय तेथे झाली होती. आपल्या कोष्टकांत ‘ख्रिस्ती’ हा रकाना १८८० मध्ये होता. ‘डोळा’ हा नव्हता.

ख्रिस्ती रकान्यावरून थोडे विषयांतर करतो. वाचक क्षमा करतील. लसीविषयी चर्चची भूमिका काय होती, असे अनेकदा विचारले जाते, आणि पोप बारावे लिओ यांनी लसीला ईश्वराविरुद्धचे कृत्य म्हटले अशी एक कथा पुस्तकांपुस्तकांतून फिरताना दिसते. या कथेला मूळ पुरावा सापडलेला नाही. त्यांचे पूर्वाधिकारी सातवे पायस यांच्या कारकीर्दीत, १८२२ साली, कार्डिनल कोन्साल्वी यांनी पोपच्या राज्यात लस देण्याची सविस्तर व्यवस्था घालून दिली. लिओ यांनी १८२४ मध्ये त्यातील सक्ती तेवढी काढली. सक्ती काढणे आणि निषेध करणे यांतील अंतर पुढच्या लेखकांनी विसरून टाकले.

याहून मोलाची हकीकत स्पेनची आहे. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी ला कोरून्या बंदरातून ‘मारिया पीता’ हे जहाज निघाले. डॉक्टर फ्रान्सिस्को बाल्मिस यांच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश अमेरिकेत लस न्यायची होती, आणि ती वाहून नेणारी पात्रे म्हणजे २२ अनाथ मुलगे. एका वेळी दोघांना टोचायचे, फोड भरला की पुढच्या दोघांना. त्यांचा सांभाळ करण्यासाठी अनाथालयाची व्यवस्थापिका इसाबेल सेन्दाल आपल्या मुलासह जहाजावर होती. मुलांनी दंड खाजवू नये, फोड फुटू नये, एकाचा संसर्ग दुसऱ्याला भलत्याच वेळी होऊ नये, म्हणून त्यांच्यावर सतत नजर ठेवावी लागे. साखळी तुटली तर सारी मोहीम बुडणार होती. मूल आठव्या दिवशीच नव्हे तर रोज, सकाळ-संध्याकाळ, पाहिले जात होते. पुढे १८०५ मध्ये बाल्मिस मेक्सिकोतील २६ मुलांसह पॅसिफिक ओलांडून मनिलास गेले. अनाथ मुलांचा असा उपयोग करावा काय, हा प्रश्न आज विचारल्यावाचून राहवत नाही. पण लस दिल्यावर मुलाकडे कसे पाहायचे याचा धडा त्या बाईने घालून दिला, हेही खरेच.

आपल्या इलाख्यात एतद्देशीय डॉक्टर तयार होऊ लागले ते ग्रँट मेडिकल कॉलेजमुळे. १८४५ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग यांच्याबरोबर पॉल फ्रान्सिस गोम्स, सेबॅस्टियन कार्व्हालो आणि जुझे कामिलो लिस्बोआ हे आपल्या समाजाचे विद्यार्थीही होते. याच तुकडीतले अनंत चंद्रोबा यांनी पुढे टोचणीच्या कामात नाव मिळविले. मराठी बोलणारा, आजारी मुलाच्या आईशी तिच्या भाषेत बोलू शकणारा डॉक्टर या कामात उतरला, हा बदल आकड्यांत दिसणारा नव्हता. पण फार मोठा होता.

दंडावरून दंडावर टोचण्याची पद्धत मात्र तिच्याच दोषाने मागे पडली. १८६१ साली इटलीतील रिवाल्ता गावी एका रोगी मुलाच्या फोडातून घेतलेल्या लसीने चाळीसहून अधिक मुलांना उपदंश झाला. जगभर खळबळ उडाली. हळूहळू वासराच्या अंगावर लस वाढवून ती वापरण्याची रीत आली. इंग्लंडने दंडावरून दंडावर टोचण्यास १८९८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभापासून बेळगावच्या व्हॅक्सीन इन्स्टिट्यूटमध्ये वासरांच्या कातडीवर लस तयार होऊ लागली. या बदलाचा एक परिणाम कोणाच्या फारसा ध्यानात येत नाही. आठव्या दिवशी मुलाच्या दंडातून काही काढून नेण्याचे कारणच उरले नाही. आता आलेला माणूस केवळ पाहण्यासाठी येणार होता. आणि नेमके तेव्हापासून त्याचे येणे सैल पडत गेले! १८८०च्या लसीकरण कायद्याने टोचणी लागली असेल तर दाखला आणि लागली नसेल तर पुन्हा टोचणी अशी तजवीज केलेली होती. परंतु तो कायदा मुख्यतः नगरपालिका आणि लष्करी छावण्यांसाठी होता. रत्नागिरीच्या वाड्यांना तो शहरापुरताच ठाऊक.

लसीच्या दुष्परिणामाची खरी चौकशी कशी असते आणि ती न झाल्यास काय होते, हे आपल्या लोकांनी प्लेगच्या वर्षांत पाहिले. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पोर्तुगीज दमणमध्ये तिचा मोठा वापर झाला. तेथील हिशेब असा: टोचलेले २,१९७, त्यांत मृत्यू ३६, न टोचलेले ६,०३३, त्यांत मृत्यू १,४८२. टोचलेल्यांबरोबर न टोचलेल्यांचीही मोजदाद केल्यामुळे या आकड्यांना वजन आले. मग १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. बाटलीचे बूच उघडताना झालेला हलगर्जीपणा हे कारण पुढे आले, पण त्यांच्यावरील कलंक पुसला जाण्यास १९०७ साल उजाडले. घटनेच्या दिवशीच, जागेवरच नीट तपास आणि नोंद झाली असती तर एका माणसाची पाच वर्षे वाचली असती, आणि लसीविषयीच्या अफवांची धारही.

देवीची गोष्ट लवकर संपवितो, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. १९६२ साली राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. बेळगावसह देशातील चार संस्थांत न नासणारी, शीत-शुष्क लस तयार होऊ लागली. दोन टोकांची सुई आली. १९७५ च्या मे महिन्यात देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झाले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस टोचणी थांबली. आज पन्नाशीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर तो वण आहे. त्यांच्या मुलांच्या दंडावर दिसतो तो बीसीजीचा. देवी गेली आणि तिच्याबरोबर लसीच्या फोडातून डोळ्याला होणारा संसर्गही आपल्या गावांतून गेला.

पण डोळ्याचा प्रश्न वेगळ्या रूपाने राहिलाच. आजच्या बहुतेक लसींतून बोटाने डोळ्यात जाईल असे काही नसते. तरीही क्वचित कोणाला लसीनंतर काही दिवसांनी डोळ्याच्या आत दाह होतो. डोळ्याच्या पांढऱ्या कवचाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो, कनीनिका हा त्याचाच पुढचा भाग; या थराच्या दाहाला युव्हायटिस म्हणतात. लसीने जागृत झालेली शरीराची संरक्षक यंत्रणा कधी कधी आपल्याच ऊतींना परके समजते, असा त्याचा एक खुलासा दिला जातो. अमेरिकेत १९८४ ते २०१४ या तीस वर्षांतील नोंदी तपासल्या तेव्हा असे २८९ रुग्ण आढळले. लस घेतल्यापासून त्रास सुरू होण्याचा मध्यक काळ १६ दिवसांचा होता. हिपॅटायटिस-बी लसीनंतरचे रुग्ण त्यांत सर्वाधिक. कोविडच्या लसीनंतरही अशा नोंदी जगभरातून आल्या. कोट्यवधी मात्रांच्या मानाने ही संख्या अगदी अल्प आहे. शिवाय लसीनंतर झाले म्हणून लसीमुळेच झाले असे ठरत नाही. क्षय, सांध्यांचे विकार, नागीण यांमुळेही असाच दाह होतो, आणि ते सगळे आपल्याकडे भरपूर आहेत.

म्हणूनच पाहणी लागते. या दाहाची लक्षणे साध्या डोळे येण्यापेक्षा निराळी असतात. पू किंवा चिकटा फारसा नसतो. डोळा बुबुळाच्या कडेने अधिक लाल दिसतो, आतून ठणकतो, उजेड सहन होत नाही, धूसर दिसते, डोळ्यापुढे ठिपके तरंगतात. लहान मूल हे सांगू शकत नाही. ते उन्हात डोळे मिटून घेते, अंगणात खेळायला जायचे टाळते. असे दिसले तर दुकानातून थेंब आणून घालणे धोक्याचे. स्लिट लॅम्पवर डोळा तपासून नेत्रतज्ज्ञाने औषध ठरवावे लागते. वेळीच उपचार झाले तर बहुतेकांची दृष्टी पूर्ववत होते. उशीर झाला तर काचबिंदू, मोतीबिंदू, कधी अंधत्वही. दापोली-मंडणगडच्या किंवा राजापूरच्या आतल्या गावातून नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचायला आजही अर्धा दिवस मोडतो, हे विसरून चालणार नाही.

आता नोंदीची व्यवस्था आहे. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना कळविण्याची आणि तपासण्याची राष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. तिच्यासाठी जिल्हा पातळीवर समित्या आहेत, ठरीव तक्ते आहेत, आणि घटना लसीशी खरोखर जोडलेली आहे की केवळ योगायोग, हे ठरविण्याचे निकषही आहेत. टोचल्यावर अर्धा तास थांबविले जाते ते तत्काळ येणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेसाठी. डोळ्याचा दाह त्या अर्ध्या तासात दिसणार नाही, तो दोन आठवड्यांनी दिसेल. त्यामुळे येथे पाहणारी व्यक्ती प्रथम घरचीच असते; आणि तिने कळविले तर ऐकून घेणारी परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती.

परिचारिकेने पालकांना चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, तिने कोणता त्रास होऊ शकतो, पुढच्या वेळी केव्हा यायचे, आणि कार्ड जपून ठेवा. बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात त्या घराची आणि तिची गाठ पडतेच. मधले अंतर चार आठवड्यांचे, म्हणजे डोळ्याचा दाह सुरू होण्याचा नेहमीचा काळ त्यात सामावून जातो. पुढची मात्रा देण्यापूर्वी मागच्या मात्रेनंतर काय काय झाले हे तिने विचारावे, अशी अपेक्षा आहे. गर्दीच्या दिवशी हा प्रश्न ताप आणि गाठीपाशी थांबतो. ज्या उपकेंद्रात तो डोळ्यांपर्यंत जातो तेथे आईला आठवते की मागच्या पंधरवड्यात बाळ दोन दिवस उजेडाकडे पाहत नव्हते, आणि तक्त्यात ती ओळ भरली जाते.